गालाची जागा

तौनोच्या दुकानावर पाटी नव्हती. ज्याची बंदूक बिघडायची त्याला दुकान ठाऊक असायचं, आणि ज्याची बिघडत नव्हती त्याच्याशी तौनोला कर्तव्य नव्हतं. मिशिगनच्या उत्तरेकडच्या त्या फिनिश गावात लाकूडतोडे पुष्कळ होते, पण लाकडाला समजून घेणारा हा एकच, असं लोक म्हणायचे. तौनो ते मान खाली घालून ऐकायचा. आवडायचं त्याला.

ऑक्टोबर संपता संपता सायमा आली. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी तिनं बाळासारखं छातीशी धरलं होतं. तिनं ते टेबलावर ठेवून उलगडलं. ओनीची रायफल होती ती, तिच्या नवऱ्याची. गेल्या शिकारीच्या हंगामात हरणांची वाट बघत मचाणावर बसल्या बसल्या ओनीचं हृदय थांबलं. तो खाली आला तो रायफलीवरच. हाताची पकड असते तिथं, मानेपाशी, तिच्या लाकडी दस्त्याचे दोन तुकडे झाले. त्याला जंगलातून बाहेर आणणाऱ्यांत तौनो पुढे होता. दोघं लहानपणापासूनचे मित्र.

"सांधून दे," सायमा म्हणाली.

"नवीन दस्ता बसवतो की. अक्रोडाचं सुरेख लाकूड आहे माझ्याकडे."

"नवीन नको. आयुष्यभर त्यानं याच लाकडावर गाल टेकला. हंगाम उघडेल त्या दिवशी मी त्याच्या मचाणावर बसणार आहे."

"तू? नेम तरी धरता येतो का?"

"तुझ्यापेक्षा बरा येतो. पण हरीण नाही मारायचं मला, तौनो. नुसता गाल टेकून बसायचंय."

तौनोनं दस्ता हातात घेतला. गाल टेकायच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं, जुन्या पाटावर बसायची जागा झिजते तसं. 'बघतो' म्हणाला असता तरी चाललं असतं. तो म्हणाला, "होईल."

शनिवारी त्यानं तुटल्या जागी सरस भरला, तुकडे जुळवले आणि शिकंजा आवळला. आता सरस धरेपर्यंत समोर बसून राहायचं, सांधा हलतोय का बघायचं, हे तो पोराटोरांनाही सांगायचा. पण शनिवार होता आणि अंगणातली सौना, वाफारा घ्यायची लाकडी खोली, तापली होती. शनिवारची सौना त्या गावात कुणी चुकवत नाही. तौनो आत जाऊन वाफ घेत निवांत बसला. परत आला तेव्हा सांधा सरकून वाकडा धरला होता.

त्यानं ऊब देऊन सरस सोडवायचा प्रयत्न केला. नाही सुटला. मग त्याला राग आला, आणि रागात त्यानं पाचर जरा जोरात ठोकली. तेल पिऊन पिऊन ठिसूळ झालेलं ते लाकूड उभं चिरत गेलं. गालाच्या जागेच्या चिपा उडाल्या.

तौनो बराच वेळ त्या चिपांकडे बघत राहिला. सायमाला सांगितलं असतं तर ती रडली असती आणि त्यानं मान खाली घातली असती, एवढंच. पण एवढंच त्याच्याच्यानं होईना. त्यानं सगळे तुकडे पदरात भरावेत तसे एप्रनमध्ये भरले, सौनाच्या चुलीत टाकले आणि ते जळेपर्यंत दाराशी उभा राहिला. कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो नवा दस्ता घडवू लागला. लाकडात बंदुकीची नळी चपखल बसवायची त्याची रीत जुनीच होती. सौनाच्या धुराड्यातली काजळी तेलात कालवायची, नळीला फासायची, नळी लाकडात दाबून उचलायची. जिथं काळं उठेल तिथं लाकूड जास्त आहे, तिथं खरवडायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. खरवडणी ओनीनंच करून दिलेली होती, जुन्या करवतीच्या पात्याची. काम झालं की ती खिडकीजवळच्या खिळ्याला जायची. तौनोनं ती कधी दुसरीकडे ठेवली नाही.

नळी बसली. दस्ता पुसून, त्याला जुनकट रंग देऊन तौनो झोपायला गेला.

सकाळी दस्त्याच्या माथ्यावर काळा डाग होता. गाल टेकायच्या जागी.

आपलाच हात लागला असेल, असं म्हणत त्यानं तो पुसला. दुसऱ्या सकाळी डाग पुन्हा तिथंच. तौनोनं दस्ता खिडकीशी नेला. तळव्याएवढा लांबट डाग होता, आणि त्याच्या मधून तिरपी स्वच्छ रेघ गेली होती. तिथं काजळी लागलीच नव्हती. तरुणपणी ओंडक्याची साखळी तुटून ओनीच्या उजव्या गालावर बसली होती. डोळ्याखालून जबड्यापर्यंत खोलगट व्रण राहिला होता.

दुकानात जळक्या तेलाचा वास येत होता. ही काजळी कशाची, ते तौनोच्या तेव्हा लक्षात आलं.

"ओनी..." तो हळूच म्हणाला. "अरे, मुद्दाम नाही केलं मी..."

दुकानातल्या चुलीत लाकूड तडकलं.

तेव्हाच त्यानं सायमाकडे जायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं खरवडणी काढली आणि काळं उठलं होतं तेवढं खरवडलं. सकाळी डाग लहान झालेला असायचा. तो पुन्हा खरवडायचा. रोज थोडं थोडं लाकूड निघत गेलं आणि दस्त्याला ओनीच्या गालाचा आकार येत गेला. मनात कुठेतरी तो खूश होता. आता सायमाला कधीच कळणार नव्हतं. मेलेला मित्र आपलं खोटं खरं करून देतोय आणि आपण ते करून घेतोय, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली. खरवडणं मात्र थांबलं नाही.

एका सकाळी डाग उठला नाही. त्यानं दस्त्याला जवसाचं तेल चोळलं आणि सायमाला फोन केला.

ती आली तेव्हा बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. वेलदोड्याचा गोड पाव तिनं फडक्यात बांधून आणला होता. रायफल खांद्याला लावून तिनं गाल टेकला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ ती तशीच राहिली.

"सांधा दिसतसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुझ्या हाताला जादू आहे, तौनो."

तौनोनं बोलायला सुरुवात केली. "सायमा, ते लाकूड..."

"उबदार आहे रे," ती पुटपुटली. "आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं..."

त्यानं तोंड मिटलं.

जाताना तिनं कधी नाही ते केलं. पुढे होऊन आपला गाल त्याच्या उजव्या गालाला लावला. "तू त्याला परत आणलंस," ती म्हणाली. तिचा गाल स्वच्छ होता, गार होता. तौनोनं तो नीट पाहिला, कारण तिच्या डोळ्यांत बघायची त्याची हिंमत नव्हती.

तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. अजून फोन करता येईल, ती घरी पोचली की सांगू, असं तो स्वतःशी म्हणाला. आपण सांगणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. लाजेनं कान तापले होते, म्हणून तो मोरीवर तोंड धुवायला गेला.

आरशात त्याच्या उजव्या गालावर काळा लांबट डाग होता. मधून तिरपी स्वच्छ रेघ.

त्यानं साबणानं चोळलं. कातडी लाल झाली, डाग तसाच. पुन्हा चोळलं. चोळता चोळता त्याला आपलीच रीत आठवली, जिथं काळं उठेल तिथं काय करायचं असतं ती. पाणी वाहत असताना त्यानं सावकाश मान वळवली आणि खिडकीकडे पाहिलं.

खिळा रिकामा होता.