फांदीला बांधलेली शाल

घरात फोडणी द्यायची नाही, असा हुकूम पोटच्या पोराने मला सोडला.

कारण काय, तर शनिवारी त्याला हरणाच्या शिकारीला जायचं होतं. कपड्यांना लसणाचा वास लागला की म्हणे हरीण फिरकत नाही. म्हणून आठवडाभर आम्ही उकडलेलं गिळायचं.

हे सगळं खरं घडलंय. मी चौथी शिकलेली बाई, रचून सांगणं मला जमत नाही. आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. मीही मानत नव्हते. पण गेल्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात...

माझा ईश्वर नागपूरहून इथे नोकरीला आला. उन्हाळ्यात त्याची बायको हर्षिता आजाराने गेली. मागे सहा वर्षांची अनया. तिच्यासाठी मी आले.

ईश्वर रडला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याने मन रमवायला म्हणून त्याला शिकारीचा नाद लावला. सकाळी बुद्धवंदनेत प्राणी मारणार नाही म्हणायचं आणि शनिवारी धनुष्यबाण उचलायचा. मी बोलले तर म्हणे, "आई, प्लीज, तू सुरू करू नकोस."

युक्ती अशी असते. नर हरीण लोंबत्या फांदीखालचा पाला खुरांनी उकरतो आणि फांदीला कपाळ घासतो. तो वास म्हणजे त्याचा निरोप. दुसरी हरणं येऊन हुंगतात. शिकारी तशीच खोटी खूण करतो, बाटलीतला हरणाचा वास शिंपडतो आणि झाडावर मचाण बांधून बसतो. माणसाचा वास मात्र कुठे लागू द्यायचा नाही.

म्हणून ईश्वरने बिनवासाच्या साबणाने कपडे धुतले. मशीनमध्ये जागा उरली, तर पलंगावरची शालही टाकली.

हर्षिताची शाल.

अनया तिच्यात नाक खुपसून झोपायची. खोबरेल, व्हिक्स आणि आईच्या मानेचा वास...

सगळा गेला.

"धिस इज नॉट मम्मा," पोर म्हणाली. मग रात्र रात्र त्याच शालीत तोंड घालून रडली. ना जेवली, ना झोपली.

शनिवारी ईश्वर गेलाच. पुढचं त्याने नंतर मला सांगितलं.

दिवस मावळत होता. मचाणाखाली खारी पाल्यात सळसळ करत होत्या.

मग सळसळ थांबली...

वारा नव्हता. तरी फांदी हलायला लागली. कुणीतरी कपाळ घासावं तशी. हळूहळू.

फांदीखाली कुणीच नव्हतं.

एवढ्यात एक हरिणी आली. फांदी हुंगली आणि पांढरी शेपटी उभारून उधळली. माणसाचा वास आला की हरीण असंच पळतं. ईश्वरने तर रबरी हातमोजे घातले होते.

मग तो वास वर आला...

खोबरेल. व्हिक्स.

"हर्षिता?" त्याने हाक मारली.

फांदी थांबली.

दुसऱ्या दिवशी त्याने अनयाच्या उशाची शाल उचलली. "कुठे नेतोस रे?" मी विचारलं. "एकदाच आई, अनयासाठी." शाल त्याने त्या फांदीला बांधली.

सोमवारी परत आणली. मी स्वतः हुंगली.

वास होता.

अनया त्या रात्री जेवली, झोपलीही. पण चार दिवसांत वास विरला. त्याने पुन्हा शाल बांधली. पुन्हा वास आला. मग हेच सुरू झालं. धनुष्य कोपऱ्यात पडलं, पण हा ऑफिसमधून सरळ रानात. आणि आईविना पोर आता बापाची वाट बघत दारात बसायला लागली.

शेवटी एका रविवारी अनयाला शेजारी प्रीताकडे ठेवून मी त्याच्यामागे गेले.

शाल फांदीला लटकत होती. खाली...

नुसती फांदीखालची जागा नव्हे, झाडाभोवतीचा सगळाच पाला उकरलेला. मातीत पाच-पाच बोटांच्या रेघा. पार ओढ्यापर्यंत. काहीतरी हरवलं की माणूस हातांनी चाचपतो ना, तशा.

पहिल्या दिवशी ती का आली, ते मला आजही कळत नाही. शाल आणि त्याचे कपडे एका पाण्यात धुतले होते, एवढंच. पण त्या रेघा आठवल्या की अजून माझा डोळा लागत नाही.

ईश्वरचा चेहरा उजळला होता. "बघ आई. माझ्यासाठी येते ती."

मी शाल सोडवून छातीशी धरली.

"तुझ्यासाठी नाही रे," मी म्हणाले. "या शालीला अनयाची आसवं लागलीत. त्या मायेला वाटतंय, पोर इथे रानात एकटी आहे. येते, शोधते, रिकाम्या हाताने परत जाते. आणि तू पुन्हा शाल बांधतोस. हरीण नाही मारलंस, पण ही शिकारच झाली, ईश्वर."