पितळी बटणाचा कोट

ढवळ्यांच्या गिरणीत रात्री धान्याचा डबा ठेवून जायचा आणि सकाळी पीठ न्यायचं, ही पिंपळोलीची जुनी रीत. घरोघरी पीठ दळायची यंत्रं आली, तरी भाकरीची ज्वारी अजून ढवळ्यांकडेच यायची. त्या सकाळी बायका आल्या, आपापले डबे न दळताच उचलून चालू लागल्या. भांडण नाही, शिवी नाही. शेजारच्या शेवंताकाकूंनी डबा कडेवर घेताना केतकीकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. शिवी परवडली असती.

केतकी आदल्या संध्याकाळी कोल्हापूरहून आली होती. तिच्या वडिलांचा, दिगंबर ढवळ्यांचा, फोन आला होता. "तू ये. चित्रात दादा आलेत," एवढंच ते बोलले होते. दादा म्हणजे त्यांचे वडील, केतकीचे आजोबा, नरहरी ढवळे.

चित्र होतं गावाच्या नव्या स्मृतिदालनात, अख्ख्या भिंतीभर. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं धान्य मागायला गोदामावर गेली होती. गोदामाच्या पायरीवरून कुणीतरी बोट दाखवलं, पोलिसांनी गर्दीतून नेमका गेनू मोहिते उचलला, आणि गेनू पुन्हा घरी आला नाही. बोट कुणाचं हे गावाला सत्तर वर्षं कळलं नव्हतं. परवा भिंतीवरचा पडदा सरला, तेव्हा बोट दाखवणाऱ्याला चेहरा होता. नरहरी ढवळ्यांचा.

"रात्री उशिरा गावात ठरलं. दुपारी सयाजी मोहिते माणसं घेऊन येणार आहे," दिगंबर म्हणाले. सयाजी हा गेनूचा नातू. "चित्रासमोर उभं राहून, दादांनी गेनूला धरून दिला असं मी कबूल करायचं आणि माफी मागायची. नाहीतर गिरणीला कुलूप."

"मागणार आहात?"

"कशाची? काळ्या कोटातला माणूस म्हणतात. दादांकडे कोट नव्हता! जन्म पिठात गेला त्या माणसाचा, काळा कोट घेऊन करतील काय? हे मी कुणाहीपुढे छातीवर हात ठेवून सांगेन."

"पण आपल्या घरच्या आजोबांच्या फोटोत तर कोट आहे, बाबा."

"फोटोत आहे खरा. कुठून आला, कुणास ठाऊक. मी तेव्हा रांगत होतो."

केतकीला आजोबा आठवत होते ते बंडीतले. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, आणि शिंक आली की भोवती पांढरा ढग. त्या माणसाने कुणावर बोट रोखलं असेल? तिने चपला अडकवल्या आणि वडिलांना म्हणाली, "चला. त्यांची वाट बघत बसायचं नाही."

दालनात निरंजन पाटसकर एकटाच होता. दृश्यक नावाचा संगणक चालवणारा तंत्रज्ञ तो. साक्षी, नकाशे, हवामानाच्या नोंदी, जुने फोटो असं सगळं दृश्यकाला द्यायचं, की तो गेलेल्या दिवसाचं दृश्य रंगवून देई. चित्र होतंही जबरदस्त. खडीची धूळ घशात जाईल असं वाटत होतं. आणि पायरीवर आजोबा होते, तरणेबांड, बोट रोखलेले.

"दृश्यक मनाचं काही घालत नाही," निरंजन घाईघाईने म्हणाला. "दिलेल्या माहितीतून सगळ्यात शक्य असलेलं निवडतो. त्या दिवशी तिथे असलेल्या पारूबाईंनी सांगितलं, काळा कोट, त्याचं वरून दुसरं बटण तेवढं पितळी. तसा कोट आलेल्या फोटोंपैकी एकाच फोटोत सापडला."

"आणि चेहरा?"

"चेहरा त्यांना दिसला नव्हता. कोटावरून चेहरा घेतला. दृश्यकाला रिकामी जागा ठेवता येत नाही, तो भरतो."

"आलेले फोटो किती घरांचे?"

निरंजनने यादी चाळली. मग म्हणाला, "थोड्याच. लोक देईनात. हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला की घराला बाधतं, म्हणतात. उद्घाटनाचे पाहुणे ठरले होते, थांबता येईना."

"मी दिला," दिगंबर हळूच म्हणाले. "सगळ्यात आधी. म्हटलं, गावाच्या कामाला कसली आलीये बाधा."

बाहेर घोषणा ऐकू आल्या. गर्दी आत घुसली. पुढे सयाजी होता, आणि त्याच्या छातीशी धरलेला गेनू मोहितेचा फोटो, झेंडूच्या जाड हारात बुडालेला. मोहित्यांच्या भिंतीवरून तो आज पहिल्यांदाच उतरला होता. मागून दोघांनी पारूबाईंना खुर्चीसकट आणलं. बहात्तर साली पोरवयात गोदामापुढे उभ्या असलेल्यांपैकी हयात अशा त्या एकट्याच उरल्या होत्या.

"अण्णा, हात जोडा," सयाजी दिगंबरना म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माझ्या आजीनं आयुष्यभर ह्या गिरणीतलं पीठ खाल्लं. ज्यानं तिचं कुकू पुसलं त्याच्याच गिरणीतलं!"

मागून कुणीतरी दिगंबरना ढकललं. केतकी मध्ये आली. तिला सयाजीच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून ती फोटोकडे बघत होती. हाराच्या वर कोटाची कॉलर दिसत होती. काळी.

"सयाजीदादा, तो हार जरा वर करा."

"हात लावायचा न्हाई आबांच्या फोटोला!"

"मी नाही लावत. तुम्ही करा. एकदाच. मग बाबा काय, मीही हात जोडीन."

गर्दीत चुळबूळ झाली. सयाजीने दातओठ खात हार बाजूला सारला. कोटाचं पहिलं बटण काळं होतं. दुसरं पितळी.

सयाजी फोटोकडे बघत राहिला, मग भिंतीकडे, मग परत फोटोकडे. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने पुढे येऊन चष्मा कपाळावर चढवला.

"आरं, हा तर घाटग्यांच्या स्टुडिओतला कोट! खुंटीला टांगलेला असायचा. फोटूपुरता घालायचा आन् परत द्यायचा. माझ्या लग्नाच्या फोटूतबी ह्योच हाय."

मग एकच गलका झाला. लोकांनी घरी फोन लावले, हार बाजूला सारायला लावले. भिंतीभिंतीवरून तोच कोट निघू लागला. सरपंचांच्या वडिलांच्या अंगावर तोच, शेवंताकाकूंच्या सासऱ्यांच्या अंगावरही तोच. अर्ध्या गावाने आयुष्यात एकदा तो घातला होता.

"मग बोट कुणाचं व्हतं?" सयाजीने विचारलं. त्याने हार पुन्हा नीट केला आणि तो निरंजनला म्हणाला, "पुसा ते तोंड."

निरंजनने आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरं आली: 'आकृती अपूर्ण दिसते. चेहरा भरू का?' त्याने नाही म्हटलं. पायरीवर नुसता कोट आणि बोट उरलं. सयाजीने फोटो काखेत धरून दिगंबरपुढे हात जोडले, आणि दिगंबर ओक्साबोक्शी रडले. केतकीने सुटकेचा श्वास सोडला.

"तोंड का वं पुसलं?" खुर्चीतून पारूबाईंचा आवाज आला. "चांगलं हुबेहूब निघालं व्हतं. गिरणीवाला नरहरीच त्यो. म्या बघितला न्हवं का."

निरंजनने पारूबाईंची ध्वनिमुद्रित साक्ष लावली. त्यांचाच आवाज दालनात घुमला: "तोंड न्हाई दिसलं बाबा. ऊन डोळ्यावर व्हतं. कोट तेवढा दिसला."

पारूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता.

"तवा आठवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता आठवतंय."

संध्याकाळी गिरणीच्या दारात दोन डबे आले. त्यातला एक शेवंताकाकूंचा होता. दिगंबरनी पट्टा चढवला, घरघर सुरू झाली, उबदार पिठाचा वास पसरला. पोत्यावर टेकून केतकीने डोळे मिटले. तिला आजोबा बघायचे होते, भुवयांवर पीठ असलेले. ते आले, पण काळ्या कोटात, बोट रोखून. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तेच. बंडी कशी होती, शिंक कशी होती, हे तिला शब्दांत सांगता येत होतं, दिसत मात्र नव्हतं. ती भयंकर घाबरली.

परत मिळालेला फोटो भिंतीला लावायला दिगंबर स्टुलावर चढले होते. खिळ्यापाशी त्यांचा हात थांबला. अंगठा पितळी बटणावर होता. त्यांनी गिरणी बंद करायला लावली आणि लेकीकडे न बघताच विचारलं,

"केतकी, दादांकडे कोट नव्हताच ना गं?"