खंडूने हवेत ठेवलेली पणती

भिंतीत कोनाडा नव्हताच. तरीही खंडूने तेलाने भरलेली पणती कोनाड्यात ठेवली आणि खळ्ळकन फुटून ती फरशीभर झाली.

"शलाका, बाळाला उचल!" आई ओरडली. तिने आधी बाळाचे तळवे तपासले, मग शलाकाचे, आणि मगच ती खंडूकडे वळली.

खंडू म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. २०६१ साली सांगलीत असे पुष्कळ होते.

"कोनाडा होता," खंडू शांतपणे म्हणाला. "दगडी. एक वीत खोल."

"अरे, चित्र आहे ते!"

बाबांनी दिवाळीसाठी कालच हा भासफलक (सपाट असूनही खोल वाटणारं भिंतीवरचं चित्र) बसवून घेतला होता. दगडी भिंत, मधोमध कोनाडा, त्यात गडद सावली.

आईने थेट कंपनीला फोन लावला. "घेऊन जा याला. आज पणती हवेत सोडली, उद्या माझं बाळ पाळण्याबाहेर सोडेल!"

तासाभरात गाडी येणार होती. शलाकाचे डोळे भरून आले. शाळेतल्या तिच्या सगळ्या गप्पा न कंटाळता ऐकणारा खंडू एकटाच होता. ती तळव्याने डोळा पुसू लागली आणि तशीच थबकली. कोनाडा एकदम खोल गेला होता! हात काढला, पुन्हा सपाट.

"आई, एक डोळा झाक आणि बघ."

"मला वेळ नाही गं."

"झाक ना!"

आईने झाकला. "अगंबाई! आत गेला की!"

"नाकासमोर बोट धरा," खंडू म्हणाला. "एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट उडी मारतं, मागची भिंत फारशी हलत नाही. हा पराशय (बघण्याची जागा बदलली की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसणं). त्या उडीवरून मेंदू अंतर ओळखतो."

"आणि चित्रातला कोनाडा नि दगड एकाच सपाट फलकावर, म्हणून दोन्ही सारखेच सरकतात!" शलाका म्हणाली. "दोन डोळे फसत नाहीत. एकाच डोळ्याला मात्र सावलीवर भरवसा ठेवावा लागतो. पण खंडू, तुला दोन आहेत ना?"

"एक हनुवटीवर, एक कपाळावर. कपाळावरच्या डोळ्याला दसऱ्यापासून नुसतं लाल दिसतं."

आईने जीभ चावली. दसऱ्याला मिक्सर, स्कूटर आणि खंडू, सगळ्यांची पूजा तिनेच केली होती. "मला वाटलं, ती खळगी कुंकवासाठीच ठेवलीय!"

"मला वाटलं, तो माझा मान आहे. म्हणून पुसलं नाही."

शलाकाने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं आणि त्याच्या हाती दुसरी पणती दिली. तो फलकासमोर क्षणभर थांबला. "सपाट आहे," म्हणाला आणि पणती तिपाईवर ठेवली.

एवढ्यात दारावरची घंटी वाजली. कंपनीचा माणूस!

आईने दाराकडे पाहिलं, शलाकाकडे पाहिलं. मग बाळाला खंडूच्या हातात दिलं, पण स्वतःचे दोन्ही हात खाली धरूनच. खंडूने बाळाला पाळण्यात अलगद टेकवलं, गादीच्या बरोबर मधोमध. बाळाने नुसती जांभई दिली. आईने हळूच हात काढून घेतले.

"चूक आमचीच होती हो," ती दारात म्हणाली. "आलाच आहात तर फराळ करून जा."

शलाका अजून फलकासमोरच होती. "आई, प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणारी भिंत केली, तर दोन्ही डोळे फसतील?"

"कर," आई हसली. "पण आधी तिच्यावर 'इथे पणती ठेवू नये' असं लिही."