काट्यावरचे सत्तर किलो

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आकडा माझ्या डोळ्यांनी बघितला आणि रक्त माझ्या सदऱ्याला लागलं. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. माझ्या भाच्याचा डावा डोळा त्यामुळे परत येणार नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रात्रीची नाही. रविवारची सकाळ, सव्वासात वाजलेले, लख्ख ऊन. जागा, ठाकुर्लीच्या पलीकडे खाडीकडे जाणारा नवा काँक्रीटचा रस्ता. तो अजून चालू झाला नव्हता. पोरं तिथे गाड्या पळवायची.

मला सगळे रघुमामा म्हणतात. कल्याण-शिळ रस्त्यावर आमचं भाताचं शेत होतं. तिथे आता माझा ट्रकचं वजन करायचा काटा आहे. आकडे मी लहानपणी शिकलो, अक्षरं साठी उलटल्यावर. म्हणून आकड्यावर माझा जास्त भरवसा.

तोच नडला.

विकी माझ्या बहिणीचा, सगुणाचा मुलगा. त्याला जुन्या जपानी गाड्यांचं वेड. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी आणायची, इंजिन खोलायचं, गाडी जमिनीलगत खाली बसवायची आणि रविवारी पळवायची. त्याची धाकटी बहीण कृतिका पळत्या गाड्यांचे फोटो काढायची. मित्र सलिल, त्याचीही तसलीच एक पांढरी गाडी.

जानेवारीत विकीने भिवंडीहून करड्या रंगाची जुनी लॅन्सर आणली. मागची सीट काढली, तर तिथला सीटबेल्टचा पट्टा सुरीने कापलेला. खालच्या पत्र्यावर ओरखडे... चार-चार, एका ओळीत.

"कुणीतरी कुत्रा कोंडला असेल," सलिल म्हणाला.

विकीने त्यावर रंग मारला.

पळवायची गाडी हलकी लागते. पोरं नको ते सगळं काढून टाकतात. महिनाभराने विकी गाडी माझ्या काट्यावर घेऊन आला.

"मामा, नऊशे साठ भरली पाहिजे. सीट, कार्पेट, स्टेपनी, एसी, सगळं काढलंय."

तो उतरून काट्याच्या बाहेर उभा राहिला. गाडीत कोणी नाही.

आकडा आला... एक हजार तीस.

"मामा, तुझा काटा म्हातारा झाला रे."

"माझा काटा चुकत नाही. तूच काहीतरी विसरलास."

शिक्क्याची वजनं ठेवून बघितली. बरोबर. सलिलची गाडी चढवली. बरोबर. विकीची परत चढवली.

एक हजार तीस.

मग नुसती मागची चाकं काट्यावर घेतली. जास्तीचे सत्तर किलो मागे होते. जिथून सीट काढली होती तिथे.

पुढच्या शनिवारी विकी अजून वीस किलो काढून आला. आकडा बरोबर वीसने उतरला. सत्तर तसेच.

फक्त... आता ते पुढच्या चाकांवर होते.

"च्यायला, पेट्रोल पुढे आलं की काय?" विकी हसला. सलिल हसला नाही.

दोघं समोर चहा प्यायला गेले. गाडी काट्यावर, चारही दारं उघडी. मी केबिनमध्ये आकड्याकडे बघत बसलो. हजार दहा.

गाडीची स्प्रिंग करकरली...

काट्याचा पत्रा गाडीपेक्षा बराच रुंद आहे. कुणी गाडीतून उतरला तरी तो पत्र्यावरच उभा असतो. आकडा हलत नाही.

आकडा हलला. नऊशे चाळीस.

म्हणजे जे होतं ते काट्यावरूनही उतरलं होतं.

माझ्या केबिनची लोखंडी पायरी वाजली. एकदाच. जड माणसाने पाय ठेवल्यासारखी.

दार उघडं होतं. दारात ऊन होतं. ऊन तसंच होतं.

मी नऊशे चाळीसकडे बघत बसलो. किती वेळ, सांगता येत नाही. मग स्प्रिंग परत करकरली आणि आकडा चढला.

हजार दहा.

मी विकीला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, उन्हात बसू नकोस." मग त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. काट्यावर सत्तर जास्त आहेत ना, मग सत्तर अजून काढायचे. घोडबंदर रोडच्या पोरांशी रविवारची शर्यत ठरली होती. पैशांची नाही, नुसत्या नाकाची.

काढायला आता एकच गोष्ट उरली होती. आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली तर माणूस त्याच्यामुळे वाचतो.

सगुणा काट्यावर आली. चपला न घालता आली.

"दादा, तो पिंजरा कापायला निघालाय. माझं ऐकत नाय तो. तू बोल त्याला, नऊशे चाळीस भरली म्हणून. एवढं खोटं बोल."

"सगुणे, काट्यावर मी खोटं बोलत नाय. ट्रकवाल्याशी नाय, तुझ्याशी नाय."

"काटा मोठा का भाचा मोठा?"

मी पुढच्या ट्रकचा आकडा लिहायला घेतला.

शनिवारी विकी आला. मी खरा आकडा सांगितला. त्याच संध्याकाळी त्याने पिंजरा कापून टाकला.

रात्रभर झोप लागली नाही. रविवारी पहाटे रिक्षा करून मी त्या रस्त्यावर गेलो. विकीला म्हटलं, "आज नको. तुझ्या पाया पडतो." तो म्हणाला, "मामा, तू सलिलच्या गाडीत बस आणि मजा बघ. घोडबंदरवाले यायच्या आधी एक फेरी मारू, कृतिकाला फोटो पाहिजेत."

सलिल चालवत होता. मी त्याच्या शेजारी, कृतिका मागे, खिडकीतून कॅमेरा बाहेर काढून. विकीची गाडी आमच्या डाव्या हाताला, दोन हातांवर. त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्याने अंगठा दाखवला.

"शंभर... एकशेदहा..." सलिल मोठ्याने सांगत होता.

कृतिकाचा कॅमेरा कटकट वाजत होता.

मग विकीचं डोकं मागे गेलं.

कुणी केस धरून ओढावं तसं. गळा ताणला गेला. तोंड उघडलं. त्याने एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने मागे बुक्के मारायला लागला. हवेत नाही... ते बुक्के कशावर तरी बसत होते. प्रत्येक बुक्क्याला हात थांबत होता.

"दादा!" कृतिका किंचाळली.

विकीचं तोंड बाजूच्या काचेवर आपटलं. एकदा.

परत.

परत.

तिसऱ्यांदा काच लाल झाली. त्या लाल काचेतून त्याचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. गाडी तरीही सरळ चालली होती. वेग वाढत होता. त्याचे दोन्ही हात आता गळ्यावर होते.

मग स्टिअरिंग कोण धरून होतं?

सलिलने ब्रेक मारला. विकीची गाडी पुढे गेली, एकदम आडवी फिरली, काँक्रीटच्या कठड्यावर आदळली आणि उलटली. तीन वेळा. छत चेपून दारांपर्यंत आलं.

मी आणि सलिलने त्याला बाहेर ओढलं. कान अर्धा लोंबत होता. जबडा एका बाजूला सरकलेला. हाताची बोटं सोललेली, हाडं दिसत होती. मी सदरा काढून त्याच्या डोळ्यावर दाबला. दाबायला डोळा राहिला नव्हता.

कल्याणच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अपघात नंतर झालाय. आधी याला कुणीतरी बेदम मारलंय. गळ्यावर बोटं आहेत." पोलिसांनी सलिलला दोन दिवस बसवून ठेवलं. कृतिकाच्या फोटोंमुळे तो सुटला.

चाळीस फोटो आहेत. सगळ्यांत विकी एकटा.

पण कृतिकाने मला एक दाखवलं. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात पोरं दोन बोटं जागा ठेवतात. पहिल्या फोटोंत मागचं चाक पत्र्यात घुसलेलं आहे. गाडी मागे बसलेली. मग फोटोगणिक मागची बाजू वर येते... आणि पुढची खाली जाते.

सगुणा माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. पिंजरा असता तर छत खाली आलं नसतं, विकीचा कणा शाबूत राहिला असता. आता तो पलंगावर असतो. जबड्यात तारा होत्या तेव्हा त्याने मोबाइलवर लिहून मला एकच प्रश्न विचारला.

"मामा, तो उतरला का?"

कोण, ते त्याने लिहिलं नाही. मी म्हटलं, उतरला. काट्यावर कधी बोललो नाही, ते खोटं त्याच्या उशाशी बसून बोललो.

खरं असं आहे की या पोरांची गाडी कधी भंगारात जात नाही. मोडली की मित्र येतात आणि एकेक भाग आपल्या गाडीला लावून घेतात. त्याला ते प्रेम समजतात. मी इस्पितळात असताना इंजिन बदलापूरला गेलं. गिअरबॉक्स उल्हासनगरला. दारं आणि मागचा पत्रा सलिलने घेतला. "विकीची आठवण म्हणून," तो म्हणाला.

गेल्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आला होता, विकीला बघायला. ऐश्वर्या, सातवा महिना चालू आहे. निघताना मी गाडीपर्यंत गेलो. दोघं अजून बाहेर उभे होते.

गाडी मागून बसलेली होती.

"सलिल, डिकीत काय आहे?"

"काही नाही मामा. स्प्रिंग गेल्या असतील."

मी ऐश्वर्याला म्हटलं, "पोरी, तू रिक्षाने जा." ती हसली. "मामा, एवढी काही जड नाही झाले मी." आणि पुढच्या सीटवर बसली. मी दार धरून ठेवलं. सलिलने हळूच माझा हात सोडवला, म्हाताऱ्या माणसाचा सोडवतात तसा.

गाडी वळणावर गेली. वळताना मागची बाजू थोडी वर आली.

मी रोज सकाळी ऐश्वर्याला फोन करतो. ती उचलते, "काय मामा, आज परत?" म्हणते, आणि मी काहीतरी कारण सांगतो.

आज दोनदा लावला. अजून उचललेला नाही.