पुढच्या सीटवरची सुपारी

मधुवंतीनं गाडी स्वतः बुक केली होती आणि हॉटेलही. नागपूर विमानतळ ते यवतमाळ, एसी गाडी, ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा राहणार आणि थेट हॉटेलच्या दारात सोडणार. बंगळूरच्या ऑफिसात बसून मोबाइलवर हे सगळं ठरवेपर्यंत तिचा चहासुद्धा निवला नाही. अवघड होतं ते आईला सांगणं.

"हॉटेलात?" सुनीतीबाई फोनवर म्हणाल्या. "अगं, यवतमाळच्या हॉटेलात लग्नाची वऱ्हाडं उतरतात, नाहीतर औषधं विकणारे उतरतात. तू कोणात मोडतेस?"

"आई, माझे ऑफिसचे कॉल असतात. तिथं नेट बरं असतं."

"बरं," आई म्हणाली. हे 'बरं' मधुवंतीला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यात बरं असं काही नसायचं.

आणि नेटचं तर निमित्त होतं. खरी भीती होती घरातल्या संध्याकाळची. तिचे बाबा, वामनराव, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, उंचेपुरे, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं साहेब घरी आहेत. दिवेलागणीला माजघरात आरामखुर्चीत बसायचे आणि मोराच्या पितळी अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. कट्. जरा थांबून पुन्हा कट्. मधू त्यांच्याकडे पाठ करून अभ्यासाला बसलेली असायची. ती न बघता हात मागे करायची आणि तळहातावर एक बारीक खांड पडायचं. आई ओरडायची, पोरीला सवय लावता म्हणून. बाप-लेक ऐकतील तर शपथ!

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्याच्या संध्याकाळी ते माजघर असं गप्प झालं, की मधुवंती उठून अंगणात जाऊन बसली होती. त्यानंतर ती यवतमाळला आलीच नाही. तेव्हा परतताना अडकित्ता तेवढा मागून नेला आणि बंगळूरच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिला. आईलाच ती आपल्याकडे बोलवायची. पण आता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ते यवतमाळलाच करायचं म्हणून आई अडून बसलेली. मग मधुवंतीनं तोड काढली, दिवसा आईजवळ राहायचं आणि झोपायला हॉटेलात जायचं. आईला ऑपरेशनची पर्वा नव्हती. लेकीनं आपल्या घरी पाठ टेकावी, एवढंच तिला हवं होतं.

नागपूरला विमान दुपारी उतरलं. बाहेर पाटी घेऊन एक मिशाळ, हसऱ्या तोंडाचा माणूस उभा होता. "मी रूपसिंग, ताई. मूळचा बोरी अरबकडच्या तांड्याचा, आता लोहाऱ्यात राह्यतो." सामान डिकीत गेलं. मधुवंती सवयीनं पुढचं दार उघडायला गेली, तसा तो लगबगीनं आडवा आला.

"मांगं बसा ताई. पुढची जागा भरेल आहे."

पुढच्या सीटवर घडी घातलेला पांढरा रुमाल होता. त्यावर चिमूटभर तांदूळ, आणि तांदळावर एक अख्खी सुपारी.

"हे काय?"

"लोकल नंबर म्हनून तुमी काकूचाच देल्ला न! मी पत्ता विचाराले फोन केला, तं काकू म्हने आधी घरी ये, मंग नागपूरले जा. गेलो, तं हे ठेवून देल्लं गाडीत. म्हने, आमच्यात लेकीले नुसत्या गाडीवाल्याच्या भरोशावर आनत नाही. घरचं मानूस संगं पाह्यजे."

मधुवंतीनं कपाळाला हात लावला. घरची ही जुनी रीत ती विसरलीच होती. लेक किंवा सून आणायला गाडी निघाली की घरातलं कुणीतरी त्यात हवंच. कुणी नसेलच, तर त्या माणसाच्या नावानं सुपारी ठेवायची. पूजेला बायको जवळ नसली की तिच्या जागी ठेवतात, तशीच. लेक दारात उतरली की सुपारीवर अक्षता टाकायच्या, तिची पाठवणी करायची, म्हणजे ते माणूस मोकळं. आईला गुडघ्यांमुळे हल्ली गाडीत बसवत नाही, म्हणून तिनं आपल्या जागी सुपारी पाठवली असणार. आईचा राग येईना आणि हसूही थांबेना.

गाडी सुरू झाली आणि टुंग टुंग वाजायला लागलं.

"पुढचा पट्टा," रूपसिंग म्हणाला. "जातानी नव्हता वाजत. आता कायले वाजून राह्यला?"

"सेन्सर बिघडला असेल. सुपारीचं वजन ते किती!"

"हाव, तेच असन." त्यानं हात लांबवून रिकाम्या सीटवर पट्टा लावला. आवाज बंद झाला. मधुवंतीनं मोबाइल काढला. ती इंजिनिअर होती, सेन्सर बिघडतात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

बुटीबोरी मागे पडली, वर्ध्याचं वळण गेलं. थंडीचे दिवस, ऊन कसं कोवळं पडलेलं. कापसाच्या गाड्या पुढं गेल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस चिकटून राहिला होता. रूपसिंग गप्पिष्ट माणूस. त्याची मुलगी उज्ज्वला नर्सिंगला आहे, त्याची याडी, म्हणजे आई, अजून गाडीत बसायच्या आधी चाकाला हात लावून पाया पडते, हे सगळं सांगून झालं. मधुवंतीला बरं वाटत होतं. असं ऐकत ऐकत ती लहानपणी यायची, फक्त बोलणारे बाबा असायचे.

देवळीच्या पुढं वर्धा नदीचा पूल आला. पुलावर चढताच रूपसिंगनं पुढची डावी काच खाली केली. गार वारा आत शिरला, नदीचा वास आला.

मधुवंती ताठ बसली. या पुलावर बाबा काच खाली करायचे. दरवेळी. नदी ओलांडली की आपला जिल्हा लागतो, म्हणून एक मोठा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आलं बाप्पा आपलं!"

"रूपसिंगभाऊ, काच काहून उघडली?" इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून 'का'च्या जागी वऱ्हाडी 'काहून' आलं.

"तुमीच तं म्हनल्या, काच घे खाली."

"मी नाही म्हटलं."

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मले वाटलं तुमीच," असं पुटपुटून त्यानं काच वर घेतली. मग बराच वेळ त्याची मुलगी नाही की याडी नाही.

कळंब जवळ आलं. मधुवंती खिडकीतून तुरीची शेतं बघत होती. पुढून रूपसिंगचा आवाज आला, अगदी साधा, अदबीचा. "हाव जी. घेतो."

आणि त्यानं गाडी चहाच्या टपरीला लावली. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडची, पत्र्याची. बाबांची नेहमीची टपरी.

"कोणाशी बोललात?"

रूपसिंगनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "ताई, खरं सांगू? आवाज मांगून नाही आला."

मधुवंती खाली उतरली आणि तिनं आईला फोन लावला. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला. "आई, सुपारी कोणाच्या नावानं ठेवलीस?"

"कोणाच्या म्हणजे? माझ्याच. मी यायला हवं होतं ना तुला आणायला, माझंच नाव घेतलं..." आई थांबली. "अगं बाई!"

"काय झालं?"

"ह्यांचंच नाव घेतलं गं मी. जन्मभर ह्यांच्याच नावानं ठेवत आले. हे कायम दौऱ्यावर, मग तुझी आत्या यायची असो की मावशी, सुपारी ह्यांची. सकाळी हात जोडले आणि तोंडाला तेच आलं. चालत नाही गं तसं. हयात माणसाच्याच नावानं ठेवतात."

"मग आता?"

"आता काय? घरी आण. मी अक्षता टाकते, पाठवणी करते. हे बघ, अर्ध्या वाटेत नाही सोडत सुपारी. घरीच आण गाडी."

घरीच आण! मधुवंतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा आईचा डाव. रूपसिंगला पढवून ठेवलंय. कुठं काच उघडायची, कुठं थांबायचं, सगळं. काय बाई आहे! तिला एकदम हलकं वाटलं, रागही आला. "आधी हॉटेल," ती गाडीत बसत म्हणाली. "सामान टाकते, मग घरी."

रूपसिंगनं गाडी सुरू केली. त्याचा चहा टपरीच्या फळीवर तसाच राहिला होता. इतकं खोटं त्याला वठवता आलं असतं असं तिला वाटेना, पण तिनं तो विचार बाजूला सारला.

यवतमाळात शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं. हॉटेलच्या पोर्चमध्ये गाडी थांबली. मधुवंती उतरून डिकीपाशी गेली, बॅगा निघाल्या, चाकं उघडली. रूपसिंगला थांबायला सांगून ती आत गेली. काउंटरवर कोवळी मुलगी होती, छातीवर नाव होतं खुशी.

"मधुवंती... हो मॅडम. पण तुमची रूम तर आत्ताच कॅन्सल झाली."

"कोणी केली?"

"सर आले ना तुमच्या गाडीतून. तुम्ही बॅगा काढत होत्या तेव्हा." खुशी हसली. "खूप गोड आहेत हो. म्हणाले, माझी लेक आहे ती. तिला सांग बेटा, आपल्या गावात आपण पाहुणे नसतो."

मधुवंतीनं काउंटरची कड धरली. "कसे होते?"

"उंच. चॉकलेटी स्वेटर घातला होता. बोलता बोलता सुपारी कातरत होते, मोराचा अडकित्ता होता, पितळी. मला पण दिली." खुशीनं मूठ उघडली. तळहातावर सुपारीचं खांड होतं. ताजं कातरलेलं, आतल्या रेघा पांढऱ्याशुभ्र. "मी खात नाही. पण नको कसं म्हणू?"

मोराचा अडकित्ता कपाटात होता. बंगळूरला. साड्यांच्या खाली. आईलाही ती जागा माहीत नव्हती.

ती बाहेर आली. रूपसिंग गाडीपासून दूर, पोर्चच्या खांबाशी उभा होता.

पुढच्या सीटचा पट्टा सुटलेला होता.

रुमाल तिथंच होता, तांदूळही. सुपारी अर्धी होती.

"चला," ती म्हणाली. "घरी."

यावेळी पट्टा वाजला तेव्हा तिनंच मागून वाकून तो लावला. गल्लीच्या तोंडाशी तिला रडू फुटलं. भीतीनं नव्हे, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सुनीतीबाई फाटकात उभ्या होत्या, हातात भाकरतुकडा आणि तांब्या. मधूवरून ओवाळून त्यांनी तुकडा टाकला, पायांवर पाणी घातलं. "वाळलीस मेली," म्हणाल्या आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग गाडीशी गेल्या, रुमाल उचलला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपलं. बोटं कातरलेल्या कडेवर थांबली.

"अर्धी?"

"अर्धी हॉटेलात आहे, आई. रिसेप्शनच्या मुलीला दिली."

दिली, ती म्हणाली. कोणी, ते तिला सांगावं लागलं नाही.

आईनं अक्षतांची वाटी हातात घेतली होती. ती तिनं हळूच ओट्यावर ठेवली. "अर्ध्या सुपारीची पाठवणी होत नाही."

"मग काय करायचं?"

"काय करायचं? राहू दे." आईनं अर्धी सुपारी रुमालासकट देवापुढं नेऊन ठेवली. जाताना तिची चाल जरा हलकी झाल्यासारखी वाटली. रूपसिंगला चहा विचारला, तो हात जोडून "नको काकू" म्हणाला आणि गाडी काढून गेला. पट्टा वाजल्याचा आवाज आला नाही.

दिवे लागले. आई स्वयंपाकघरात झुणक्याला फोडणी देत होती. मधुवंती माजघरात आपल्या जुन्या जागी बसली, आरामखुर्चीकडे पाठ करून. लॅपटॉप उघडला. ऑफिसचा एक मेल वाचला, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

कट्.

जरा थांबून पुन्हा, कट्.

"जेवणाआधी नको म्हटलं ना!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. आवाजात जुना, खाष्ट, लाडका राग होता. मग कढईवर झाकण पडलं आणि सगळं शांत झालं.

मधुवंतीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं हळूच हात मागे केला, तळवा उघडा ठेवला.

तळहातावर खांड पडलं. बारीक होतं, तिला आवडायचं तसं. आणि मुठीतून आल्यासारखं गरम होतं.