सफरचंदांना मार कुठे लागला?

"साहेबांना बोलण्यात गुंतवायचं तू. पट्ट्याकडे मी जाते. आणि शेपूट दारात उभा राहील," भिंगरी हळूच म्हणाली.

"मी का दारात?" शेपटाने जांभई दिली. तो भिंगरीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे मागोमाग जायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

"कारण तुला आजकाल कुठेही झोप लागते. दारात आडवा झालास तर येणारा निदान अडखळेल तरी," त्यांचा आतेभाऊ ढब्ब्या म्हणाला.

हसायचं त्राण कुणातच नव्हतं. सुट्टी लागल्यापासून तिघं रोज पहाटे डोळे चोळत गाडीत चढत होती. भिंगरीची आई बागेत फळं तोडणाऱ्या बायकांची मुकादम होती. तिची आत्या, म्हणजे ढब्ब्याची आई, फळं पेट्यांत भरायच्या शेडमध्ये संगणकावर काम करायची. घरी मुलांकडे बघायला कुणी नाही, म्हणून त्यांचीही वरात रोज शेडमध्ये.

आणि शेडमध्ये सध्या सगळ्यांचीच तोंडं उतरलेली होती. इथून जाणारी सफरचंदं वरून लालबुंद दिसायची, पण दुकानात पोचून कापली की आत तपकिरी डाग. पेट्याच्या पेट्या परत येत होत्या. फळाला कुठेतरी मार लागत होता. पण कुठे?

ते शोधायला आत्याने संगणकात एक सफरचंद बनवलं होतं. साल, गर, देठ, सगळं हुबेहूब. त्या गराचे तिने जाळीसारखे हजारो बारीक तुकडे पाडले होते. ते सफरचंद ती लाकडावर पाडायची, रबरावर पाडायची, दुसऱ्या सफरचंदावर पाडायची. सालीखालचा गर जिथे चेंगरला जाईल तिथे पडद्यावर लाल रंग उमटायचा. मग तिने शेडमधल्या यंत्राचा सगळा प्रवास त्याला घडवला. फळं वाहून नेणारा पट्टा, उतार, पेटी. लाल ठिपका म्हणून कुठे उमटला नाही.

"म्हणजे यंत्राचा दोष नाही," मॅनेजरसाहेबांनी निकाल देऊन टाकला. "बायका फळं फेकतात. आठवडा संपला की ही टोळी बंद."

काल परतीच्या गाडीत आई आणि आत्या शेजारीशेजारी बसल्या होत्या, पण मध्ये भिंत असावी तशा. आई म्हणाली, "तुमच्या संगणकाला म्हणावं, एक दिवस माझ्याबरोबर शिडीवर चढ."

"वहिनी, तुम्ही फळ फेकत नाही हे मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "पण उत्तर येतंय ते मी बदलू कसं?"

त्यावर आईने डोळे मिटून घेतले होते.

आज सकाळी भिंगरी आत्याच्या खोलीत बसून परत आलेली सफरचंदं कापत होती. खाण्याचा कंटाळा आला होता, तरी हाताला दुसरा उद्योग नव्हता. कापता कापता ती थबकली.

"आत्या, तुझं सफरचंद पेटीत पडलं की डाग कसा येतो?"

"गोल. बशीसारखा पसरट."

"मग हे बघ. हे सगळे लांबट आहेत. काडी ओढल्यासारखे."

आत्याने चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पुन्हा लावून फोडी निरखल्या. मग तिने पडद्यावरचं सफरचंद एका लोखंडी कडेवर पाडलं. गरात लांबट लाल रेघ उमटली. अगदी तशीच.

"बायकांच्या टोपल्यांना आतून कापड असतं," भिंगरी म्हणाली. "लोखंड कुठून येणार?"

"लोखंडी कड आहे ती पट्ट्याच्या टोकाला. पण तिच्या अलीकडे रबरी गादी आहे आणि फळ गादीच्या मधोमध पडतं."

"पट्टा जोरात पळत असला तरी?" शेजारी बसलेल्या ढब्ब्याने विचारलं.

"वेग साहेबांनी सांगितला तोच घातलाय."

"तू मोजलास?"

आत्या थकलेल्या आवाजात म्हणाली, "नाही रे. आणि आता मोजायला गेले तर म्हणतील, भावजयीची बाजू घेते. काल तोंडावर म्हणाले."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाहेर जाऊन बेत ठरवला.

ढब्ब्या साहेबांच्या टेबलापाशी गेला. "साहेब, शाळेसाठी निबंध लिहायचाय. मला भेटलेला कर्तबगार माणूस. तुमच्यावर लिहू का?"

साहेब कपाळ दाबत बसले होते. समोरचा चहा गार झाला होता. त्यांच्याबद्दल असं काही कुणी बऱ्याच दिवसांत विचारलं नसावं. "लिही की," ते म्हणाले आणि थेट आपल्या लहानपणापासून सुरू झाले.

तेवढ्यात शेपटाला दारात उभं करून भिंगरी पट्ट्याच्या कठड्यापाशी पोचली. पेटीवर लावायची लाल चिठ्ठी तिने पट्ट्याच्या काठावर अलगद चिकटवली आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला चिठ्ठीला किती वेळ लागतो ते भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दोन खांबांमधलं अंतर तिने आधीच पावलांनी मोजून ठेवलं होतं. मग ती टोकाला गेली. सफरचंदं पट्ट्यावरून खाली पडत नव्हती, उडी मारत होती. गादी ओलांडून, थेट पलीकडे.

भिंगरीने आणलेल्या आकड्यांवरून आत्याने नवा वेग घातला. पडद्यावरचं सफरचंद उडालं, गादीच्या पुढे गेलं, कडेवर आदळलं. लांबट लाल रेघ.

"जवळजवळ दीडपट," आत्या पुटपुटली. तिने उठून साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी पडद्याकडे बघितलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि खुर्चीत बसले.

"माल साचत होता," ते म्हणाले. "वरून फोनवर फोन. दोन दिवसांसाठी म्हणून वेग वाढवला. मग राहूनच गेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा जुनाच आकडा तोंडात आला."

त्यांनी स्वतः जाऊन पट्ट्याचा वेग कमी केला. वेग कमी होण्याआधीची काही सफरचंदं भिंगरीने वेगळी काढली, नंतरचीही काढली. संध्याकाळी शेडमधल्या साऱ्यांसमोर ती कापली. आधीच्या फळांत तपकिरी रेघा होत्या. नंतरची आतून पांढरीशुभ्र.

साहेब बागेत गेले. बायका शिड्यांवरून उतरून गोळा झाल्या. "चूक माझी होती," ते म्हणाले. "उगाच तुमच्यावर आळ घेतला. टोळी बंद होणार नाही."

"शोधलं कुणी?" आईने विचारलं.

"ह्या तिघांनी. मला गोड बोलून गुंडाळलं," साहेब म्हणाले. त्यांनी ढब्ब्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. तुमच्याइतकं नीट मीही बघायला हवं होतं."

गाडीत आईने तिघांच्या डोक्यांवरून खरबरीत हात फिरवला. "गुणी आहेत माझी पोरं," ती म्हणाली.

"मामी, एवढंच? बक्षीस नाही?" ढब्ब्या म्हणाला.

"आहे ना. गादी रुंद करायची म्हणून उद्या शेड बंद. दुपारपर्यंत झोपा. कुणी उठवणार नाही."

याहून मोठं बक्षीस तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

"वहिनी," आत्या म्हणाली, "वेग मी आधीच मोजायला हवा होता."

"झोपा आता. घर लांब आहे अजून."

आत्याची मान हळूहळू कलली आणि आईच्या खांद्यावर टेकली. दिवसभर शिडीवर उभं राहून आईचा तोच खांदा भरून आला होता. भिंगरीला ते माहीत होतं. पण घर येईपर्यंत आईने तो जरासुद्धा हलवला नाही.