आईंचा पाट

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कुणाला पटवायचं नाही. जे झालं ते माझ्या घरात, माझ्याच हातानं झालं.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात.

इथं रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

२२ एप्रिल २०२३, शनिवार. तुम्ही अक्षय तृतीया म्हणता, आम्ही आखजी म्हणतो.

मी जयमाला. सासर सोनाळ्याचं, बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दीपकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पुण्याजवळ कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. घर मिळालं एका जुन्या वसाहतीत. फाटकावर दगडात कोरलेलं होतं, 'स्थापना १९५६'. तेव्हा म्हणे ती शहराच्या बाहेर होती, लोक तिथं हवा खायला यायचे. आता शहर तिच्यापर्यंत आलं आणि तिला ओलांडून पुढं निघून गेलं.

बैठी कौलारू घरं, लाल कोब्याची जमीन, खिडकीवर सिमेंटची जाळी. प्रत्येक घराला चाफा. बघायला फार सुंदर.

पण माणूस नाही हो!

अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं. जिथं कुणी होतं तिथं म्हातारं जोडपं, दार लावून आत. दीपक सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसनं जायचा, तो रात्री आठला यायचा. मधले तेरा तास मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

सोनाळ्यात आमचं दार दिवसभर उघडं असतं. कुणीही आत येतं, "काय भाजी केली वं?" म्हणून टोपल्यात डोकावतं. तेव्हा मला राग यायचा. इथं आल्यावर वाटायचं, कुणीतरी यावं आणि माझ्या भाजीला नावं ठेवावीत.

पहिल्या आठवड्यात समोरून एक बाई चालल्या होत्या. मी आपलं प्रेमानं विचारलं, "ताई, कुठं जाऊन राह्यल्या?"

त्यांनी पर्स छातीशी धरली!

घराच्या मालकीण अनुपमाताई शेजारच्या गल्लीत राहायच्या. त्यांनी मला समजावलं, "अगं, इथं असं कोण, कुठले, कुठे चाललात विचारत नाहीत. लोकांना आवडत नाही."

झालं. तेव्हापासून मी विचारणं सोडलं. कुणालाच काही विचारायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

तेच मला नडलं.

आमचं घर अकरा नंबर. मागच्या अंगणाला दगडी भिंत आणि तिच्यावर माणसाहून उंच बोगनवेल, इतकी दाट की पलीकडचं काही दिसायचं नाही. पलीकडे बारा नंबर.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास मी भांडी घासत होते आणि पलीकडून आवाज आला...

फट्. फट्. फट्.

कुणीतरी ओले कपडे झटकत होतं.

तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला! माणसाचा आवाज! मग रोज तीन वाजले की मी मागच्या पायरीवर जाऊन बसायची. रोज तोच आवाज. एकदा स्टुलावर चढून, टाचा उंच करून वेलीवरून पाहिलं. कपडे वाळत घालायची तार दिसली.

तारेवर कपडा एकही नव्हता.

म्हटलं, असतील आत नेले.

चार-पाच दिवसांनी पलीकडून कुणी बोललं. म्हातारा, बारीक आवाज.

"आज फोडणीला लसूण जास्त झाला का गं?"

मी हातातलं भांडं तिथंच टाकलं. "हाव मावशी! जास्तच झाला!"

त्या हसल्या. मी पण हसले, आणि हसता हसता मला रडूच आलं. दोन महिन्यांत दीपक सोडून माझ्याशी आपणहून, प्रेमानं कुणी पहिल्यांदा बोललं होतं.

मग रोजचंच झालं. त्या कमी बोलायच्या, मीच बडबडायची. माझ्या 'मले-तुले'ला त्या कधी हसल्या नाहीत. फक्त तीन ते चार एवढाच वेळ. चार वाजले की बोलता बोलता गप्प. मी दोन-तीन हाका मारायची, मग उठून आत जायची. त्यांचं नाव काय, घरी कोण असतं, जेवतात काय, काही काही विचारलं नाही. शहाणी झाले होते ना मी!

आता सासूबाईंचं सांगते. सत्यभामाबाई. मी त्यांना आई म्हणायची आणि त्या मला छकुली. एकट्या त्याच. माझ्या माहेरीही मला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. मला पोटची आई लहानपणीच नाही, म्हणून जे काय लाड झाले ते सासूनं केले. शेवटचे आठ दिवस त्यांना अन्न जात नव्हतं. माझा हात धरून म्हणाल्या,

"छकुली, मी उपाशी चालली वं. पयल्या आखजीले मले पोटभर जेवू घालजो. इसरू नको."

मी शब्द दिला. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही पुण्याकडं आलो.

आमच्याकडं आखजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात. आणि त्याच वयाचं कुणी माणूस पित्तर म्हणून जेवायला बसवतात. पुरुषाच्या नावानं पुरुष, बाईच्या नावानं बाई. आमच्या घरची रीत अशी की, त्या माणसाला त्या दिवशी गेलेल्याच्याच नात्यानं हाक मारायची. जेवण झालं की विचारायचं, पोट भरलं का. ते म्हणणार, भरलं, जातो आता. मग त्यांना फाटकाबाहेर पोचवायचं आणि मागं न बघता परत यायचं.

घागर लेकानंच भरायची, आणि दीपकला गावी जायला सुट्टी मिळेना. त्यानं पहाटे इथंच घागर भरली, डोळे पुसले आणि बस पकडायला पळाला.

पण पित्तर म्हणून कुणाला बसवायचं? अनुपमाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या नावाने मी जेवू? नको बाई, भलतंच!"

सोनाळ्यात हाक मारली तर गल्लीतल्या चार म्हाताऱ्या आल्या असत्या, वर पुरण पातळ झालं म्हणून बोलल्या असत्या.

आदल्या दिवशी तीन वाजता मी भिंतीजवळ गेले.

"मावशी, उद्या आमच्याकडं जेवायले याल?"

पलीकडचा आवाज थांबला.

"जेवायला?... मला?"

"हाव. माह्या सासूच्या नावानं. पित्तर म्हणून."

मग अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखा जवळून आवाज आला...

"म्हणजे मी तिच्या जागी बसायचं?"

"हाव," मी म्हटलं.

तेवढ्यापुरतं, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सगळा स्वयंपाक केला. पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, भजी, कढी. आईंचा फोटो मांडला, समोर घागर. सोनाळ्याहून आणलेला आईंचा पाट टाकला. कावळ्यासाठी मागच्या भिंतीवर घास ठेवला.

कावळा आला. जवळ बसला. मान तिरकी करून घराकडे बघितलं...

आणि उडून गेला.

बारा वाजून गेले. मी ताट वाढायला आत वळले आणि परत आले, तर मावशी पाटावर बसलेल्या.

मागचं दार मी आतून लावलं होतं की उघडं ठेवलं होतं, हे आजपर्यंत मला आठवत नाही.

बारीक अंगाच्या, बारीक चौकडीचं पांढुरकं लुगडं, मान खाली. मी पाया पडले. त्या जेवायला लागल्या.

आणि जेवतच राहिल्या.

मी आग्रह करत गेले, त्या खात गेल्या. सहा पोळ्या. आठ. अकरा. रस संपला, कढी संपली. बोटं ताटावर फिरायची, पण भांड्याचा आवाज येत नव्हता. वर पंखा चालू होता. पदर हलत नव्हता.

मला भीती वाटली नाही, खरं सांगते. मला भरून आलं. वाटलं, किती दिवसांची उपाशी असेल ही बाई!

शेवटी मी रीतीप्रमाणं विचारलं, "आई, पोट भरलं का?"

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच मी चेहरा पाहिला. साधा, सुरकुतलेला, दमलेला चेहरा.

"भरलं, छकुली."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

हे नाव मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"जाते आता, म्हणा ना," मी म्हटलं.

त्या फोटोकडे बघत होत्या.

"कुठं जाऊ?" त्या म्हणाल्या. "बोलावून आणलंस ना तू?"

मी विड्याचं निमित्त करून आत पळाले. देवासमोर हात जोडून उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. बाहेर आले तेव्हा पाट रिकामा होता. ताट घासून ठेवल्यासारखं कोरडं.

आणि घागर...

वर आंबा जसाच्या तसा होता. उचलून आत पाहिलं. दीपकनं पहाटे काठोकाठ भरलेली घागर तळापर्यंत कोरडी पडली होती.

तेवढ्यात फोन वाजला. सोनाळ्याहून आशाबाई, माझ्या चुलतसासू.

"जयमाला, पित्तर जेवलं काय वं?"

मी कसंबसं हो म्हटलं.

"मंग असं काऊन झालं? आत्ता मले जरासा डोळा लागला, तं सत्यभामा सपनात आली. दारात उभी. आत येऊन नाही राह्यली. म्हने, माह्या पाटावर कोन बसलं वं?"

मी फोन ठेवला आणि भर उन्हात रस्त्यावर गेले, ती रात्री आठला दीपक येईपर्यंत तिथंच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवारी अनुपमाताई झाडांना पाणी घालायला आल्या. मी विचारलं, बारा नंबरच्या मावशींचं नाव काय?

त्यांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"बारा नंबर? अगं, नऊ वर्षं कुलूप आहे त्याला. त्या आजी एकट्या असायच्या. गेल्या तेव्हा चार दिवस कुणाला कळलंच नाही. मुलगा परदेशातून आला नाही. सोसायटीनेच काय ते उरकलं. दिवस नाहीत, पिंड नाही, काही नाही." मग म्हणाल्या, "दुपारी तीनला कपडे झटकायच्या त्या. एवढा आवाज! आम्ही सगळे वैतागायचो."

पंधरा दिवसांत आम्ही ती वसाहत सोडली. दीपकनं खामगावात नोकरी धरली. आम्ही सोनाळ्याला, आपल्या घरी आलो. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू एकटी होती, तुले भास झाला असंल." मी म्हटलं, घागर कोणत्या भासानं प्यायली?

पुढच्या आखजीला सगळं रीतीनं केलं. आईंच्या पाटावर आशाबाई बसल्या. खात्यापित्या घरची बाई, एका बैठकीत पाच पोळ्या सहज. पहिला घास तोंडाशी नेला आणि हात खाली आला.

"घास जाऊन नाही राह्यला वं," त्या हळूच म्हणाल्या. "पाटावर जागाच नाही. कोनीतरी बसेल हाय."

त्या उठल्या. परत बसल्याच नाहीत.

मी काय करणार? शेजारी दुसरं पान वाढलं. आईंसाठी एक, त्यांच्यासाठी एक. दोन्हींतले घास गच्चीवर ठेवले. एकाला कावळा लगेच शिवला.

आईंचा घास संध्याकाळपर्यंत तसाच होता. मुंगीसुद्धा लागली नाही.

गेल्या वर्षीही तसंच झालं. पैठणला जाऊन आलो, भटजींना विचारलं, सगळं केलं. भटजी म्हणाले, त्या बाईचं नाव सांगा, नावानं सोडवता येईल. अनुपमाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे आजीच म्हणायचो गं. नाव... नाही बाई आठवत. सोसायटीच्या कागदांतही मुलाचंच नाव आहे."

त्या बाईवर मला राग येत नाही, हे कुणाला सांगू? तिला जेवायला बोलावणारी मी एकटीच होते. राग येतो तो माझा. ज्या माउलीनं मला छकुली म्हटलं, तिला मी शब्द दिला होता, आणि ती माझ्याच दारात उपाशी उभी आहे.

आज हे लिहायला बसले, कारण आखजी परत जवळ आली. दुपारची वेळ आहे. दीपक खामगावला गेलाय. घरामागं आमच्याकडं भिंत नाही, वेल नाही, नुसतं मोकळं शेत.

आत्ता तीन वाजले...

फट्. फट्. फट्.